शेवटच्या माणसाला दहा मिनिटं

डोंगरातल्या सायकल राइडमध्ये जो सगळ्यात जास्त दमतो त्यालाच सगळ्यात कमी विश्रांती मिळते. बहुतेक ग्रुपमध्ये हे होतं, आणि कुणाच्याही मनात वाईट नसताना होतं. सहा किलोमीटरचा चढ धरा. पुढचे गडी ताशी १२ किलोमीटरनं अर्ध्या तासात वर पोचतात. सावली शोधतात, पाणी पितात, केळं खातात, फोटो काढतात. मागचा माणूस ताशी ६ च्या वेगानं पूर्ण तास घेतो. तो वळणावर दिसला की वरचे हेल्मेट चढवायला लागतात, "चला, आले सगळे!" म्हणजे जो अर्धा तास राबला त्याला अर्धा तास बसायला मिळालं, आणि जो तासभर राबला त्याला सायकल टेकवायलाही मिळाली नाही. असे तीन चढ झाले की तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही. फोन केला तर सांगतो, घरी पाहुणे आहेत.

म्हणून आमच्या ग्रुपमध्ये एक नियम आहे. शेवटचा माणूस पोचला, सायकलीवरून उतरला, की तिथून दहा मिनिटं मोजायची. तोवर कुणीही पॅडलवर पाय ठेवायचा नाही. हा नियम पाळला तर बाकीचे निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत, असं मी अनुभवानं सांगतो.

मी नाशिकमध्ये सातपूरला एका टूलरूममध्ये फिटर आहे. घर मखमलाबाद रोडला. तिथून पाच-सात किलोमीटर गेलं की डांबर सोडून मुरमाच्या गाडीवाटा सुरू होतात, त्यामुळे एमटीबीची, म्हणजे माउंटन बाइकची, ओढ लागायला मला लांब जावं लागलं नाही. रविवारी सकाळी आम्ही आठ-दहापासून कधी वीसपर्यंत माणसं जमतो. त्यात रेसची तयारी करणारा बाविशीतला एक मुलगा आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. साठी ओलांडली आहे आणि सायकल त्या पन्नाशीनंतर शिकल्या. आठवीतली एक मुलगी वडिलांबरोबर येते. एका दादांचा डावा पाय लहानपणच्या पोलिओनं बारीक आहे. एक मित्र आहे, त्याला ऐकू येत नाही. मधुमेहाचे दोघं आहेत. आणि दर वेळी एक-दोन अगदी नवे असतात, ज्यांनी धाकट्या भावाची सायकल धूळ झटकून आणलेली असते. ही सगळी माणसं एका वाटेवर, एका सकाळी, आनंदानं कशी फिरवायची, हा माझ्यासाठी मशिनवरच्या कुठल्याही जॉबइतकाच नीट मापं घेऊन करायचा विषय आहे.

नाशिकमध्ये सायकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं अंतर येतं. यात नवल नाही. आपल्याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका दोघांच्या टीमनं पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर. आषाढीला इथून पंढरपूरला सायकल वारी निघते. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "किती किलोमीटर?" हा. कच्च्या वाटेवर या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. दुगावच्या शिवारातले १८ किलोमीटर गंगापूर रोडवरच्या ४० किलोमीटरपेक्षा जास्त दम काढतात. मी नव्या माणसाला किलोमीटर सांगतच नाही, तास सांगतो: तीन तास चाकावर, एक तास बसून. आणि चढ कुठं आहे, किती लांब आहे, परतीचा पहिला फाटा कधी येतो ते सांगतो.

खोटा धीर द्यायचा नाही, यावर मी फार कडक आहे. "थोडंच राहिलंय" हे वाक्य आमच्याकडं बंद आहे. दमलेल्या माणसाला "अजून दोन किलोमीटर, त्यातला पहिला अर्धा चढ, मग उतार" असं सांगितलं की तो आपली ताकद त्या मापानं वाटून घेतो. "थोडंच" म्हणून सांगितलं आणि वळणापलीकडं आणखी एक चढ निघाला, की त्याचा रस्त्यावरचाही विश्वास उडतो आणि आपल्यावरचाही.

आता माणसं हरवू नयेत म्हणून काय करतो ते सांगतो, कारण मिश्र ग्रुपचा खरा गोंधळ चढावर होत नाही, फाट्यावर होतो. मळ्यांतून जाणाऱ्या वाटांना दर पाचशे मीटरला तोंड फुटतं. पुढच्यांनी डावं घेतलं, मधले बोलत बोलत सरळ गेले, मागचे उभे राहिले, मोबाइलला रेंज नाही, अशी सकाळ वाया जायला एकच फाटा पुरतो.

ट्रेकवाले म्हणतात तसे आमच्यात सगळ्यात पुढं एक लीड असतो आणि सगळ्यात मागं एक टेल. लीडला वाट पाठ असते. टेल हा त्या दिवशीचा सगळ्यात दमदार आणि सायकलीचं काम येणारा माणूस. लोक उलटं करतात, तगडा माणूस पुढं पाठवतात आणि मागं जो राहील तो राहील. आम्ही ते कधीच करत नाही. पंप, ट्यूबा, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं हत्यार आणि जोडायची कडी, पट्ट्या, ओआरएस हे सगळं टेलच्या पाठीवर असतं, कारण मोडतोड आणि दमछाक मागंच होते. पंप पुढं दोन किलोमीटरवर असून काय उपयोग?

फाटा आला की लीडच्या मागचा पहिला माणूस तिथं थांबतो आणि येईल त्याला हातानं दिशा दाखवतो. टेल येईपर्यंत तो जागा सोडत नाही. टेल आला की तो टेलच्या पुढं सामील होतो. पुढच्या फाट्यावर लीडच्या मागं जो असेल तो थांबतो. इतकंच. यात लीडला मागं वळून बघावं लागत नाही आणि मागच्याला धावाधाव करावी लागत नाही. आणि यातून आणखी एक गोष्ट आपोआप घडते, जी मला या सगळ्या पद्धतीत सगळ्यात जास्त आवडते: पुढं पळणारी पोरं फाट्यावर थांबून थांबून मागं येतात आणि पुढचा अर्धा तास मागच्यांबरोबर चालवतात. रेसवाला मुलगा आणि काकू एकमेकांशी ओळखीनं बोलायला लागले ते असेच, मुंगसऱ्याच्या अलीकडच्या एका फाट्यामुळे. आता काकू त्याला खायचं काय आणि कधी ते विचारतात, आणि तो त्यांना बँकेतल्या परीक्षांचं विचारतो.

वेगवान माणसाचीही सोय बघावी लागते. त्याला तीन तास रांगेत दाबून ठेवलं तर तो कुरकुरणारच, आणि ती कुरकुर खोटी नसते. त्याला पायांत ताकद आहे, ती वापरायची आहे. लांब चढावर आमचा रिवाज असा, की वर पोचलेल्यानं वाटलं तर परत खाली उतरायचं, शेवटचा माणूस भेटेल तिथून वळायचं आणि त्याच्या सोबतीनं पुन्हा वर यायचं. त्याचा व्यायाम दीडपट होतो, मागच्याला सोबत मिळते. एक मात्र बजावून ठेवलं आहे: सोबत म्हणजे शेजारून चालवणं. पाठीवर हात ठेवून ढकलायचं नाही, "गिअर टाका, गिअर टाका" असा मारा करायचा नाही. विचारलं तर सांगायचं.

रामशेज किल्ला अशा मिश्र ग्रुपसाठी फार चांगली जागा आहे. पेठ रोडनं आशेवाडीपर्यंत शहरापासून १२ ते १५ किलोमीटर. गावाच्या आजूबाजूच्या शिवारात मुरमाच्या वाटा आहेत, कठीण काहीच नाही, पण डोळ्यांसमोर सतत किल्ला असतो. सायकली गावात लावायच्या. ज्यांच्यात दम शिल्लक आहे ते किल्ला चढून येतात, बाकीचे पायथ्याशी झाडाखाली बसतात. कुणीही मागं राहिल्यासारखा वाटत नाही, कारण बसणं हाही त्या दिवसाचा ठरलेला भाग असतो. किल्ला तसा बुटका, सह्याद्रीतल्या दांडग्या किल्ल्यांशेजारी उभा केला तर नजरेत भरणार नाही. पण १६८२ साली मुघल फौज याच्यापुढं येऊन बसली आणि पाच वर्षांहून जास्त काळ हा हाती लागला नाही. आठवीतल्या मुलीनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं किल्ल्याकडं बघून विचारलं, "एवढ्याशा?" आणि मग वर जाऊन तटाजवळून खालचा सगळा मुलूख बघून आली.

त्या मुलीवरून एक कामाची गोष्ट. ती सुरुवातीला उतारावर घाबरायची, आणि वडील तिला "घाबरू नको" म्हणायचे. मी तिची सायकल हातात घेतली तेव्हा दिसलं, ब्रेकचा दांडा मोठ्या माणसाच्या पंजाच्या मापानं लावलेला. तिची बोटं जेमतेम टोकाला पोचत होती. दांड्याच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो अ‍ॅलन कीनं आत घेतला की दांडा मुठीच्या जवळ येतो. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर ती एका बोटानं ब्रेक दाबायला शिकली आणि भीती गेली. ज्याला आपण कमी धीराचा म्हणतो त्याची सायकल आधी तपासावी. सीट उंच, हवा दगडासारखी, ब्रेक लांब. अशा सायकलीवर धीट माणूसही बिचकेल.

हवेचं तर सांगावंच लागेल. डांबरावरून येणारा प्रत्येक जण टायर टणक करून येतो, ५०-६० पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप). मुरमावर असा टायर उड्या मारतो, पकड सोडतो आणि हातांना मुंग्या आणतो. सव्वादोन इंच रुंदीचा टायर आणि ६५-७५ किलोचा माणूस असेल तर आत ट्यूब असताना ३० ते ३५ पीएसआय पुरते. वजन जास्त तर थोडी वाढवायची. त्याहून फार खाली गेलं तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर बाभळीचा काटा. तेव्हा ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं, बोट फिरवायचं नाही, काटा बोटात जातो. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली की शंभर मीटरवर ती पण गेली. हे मी दर नव्या माणसाकडून त्याच्याच हातानं करून घेतो. टेलनं पंक्चर काढून दिलं तर एका माणसाचं काम झालं. त्याच्याकडून करवलं तर ग्रुपमध्ये आणखी एक टेल तयार व्हायला सुरुवात झाली.

पोलिओवाले दादा आमच्यात उतारावर सगळ्यात सफाईनं येतात. त्यांनी डाव्या पॅडलला पट्टा लावून घेतला आहे, पाय निसटत नाही. त्यांची अडचण चालवण्यात नाही, थांबण्यात आहे. तिरप्या वाटेवर थांबायचं झालं तर भार उजव्या पायावरच यायला हवा, आणि उजवीकडं जमीन खोल असेल तर पाय पोचत नाही, सायकल दरीकडं कलते. म्हणून ते लीडला असले किंवा मध्ये असले तरी थांबायची जागा त्यांच्या सोयीनं ठरते: सपाट, नाहीतर उजवी बाजू उंच. यात बाकीच्यांचं काहीच जात नाही. आणि नवशिक्यांनाही तीच जागा सोयीची पडते, असं मला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे.

तसंच हाताच्या खुणांचं. आमच्या ऐकू न येणाऱ्या मित्रानं त्या बसवल्या. मूठ वर म्हणजे थांबतोय. पंजा खाली दाबला म्हणजे हळू. बोट जमिनीकडं म्हणजे खड्डा किंवा दगड, ज्या बाजूला बोट त्या बाजूला. हात पाठीमागं हलवला म्हणजे समोरून गाडी, एका ओळीत या. पूर्वी आम्ही ओरडायचो, "गाडीऽऽ!" आणि ते वाऱ्यात विरून जायचं. खुणा सुरू झाल्यापासून ओरडणं बंद झालं. वस्तीतून जाताना कुत्री भुंकत नाहीत, झाडावरचे पक्षी उडत नाहीत. त्याच्या मागं जो असतो त्यानं एवढंच लक्षात ठेवायचं, की घंटी वाजवून पुढं काढायचं नाही. तो मागं वळून बघेल तेव्हाच काढायचं.

उताराविषयी नव्यांना मी एकाच सकाळी सगळं सांगत नाही. पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी: सीट दोन बोटं खाली घ्या, आणि उतारावर बसू नका. दोन्ही पॅडल सपाट ठेवून उभं राहायचं, गुडघे-कोपरं सैल, बूड थोडं मागं. नजर पुढच्या चाकावर नाही, दहा-पंधरा मीटर पुढं. दुसऱ्या राइडला ब्रेक. पुढचा ब्रेक जास्त काम करतो म्हणून त्याला घाबरायचं नाही, पण मुरमाच्या वळणावर तो दाबायचाही नाही. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. सुट्या मुरमावर पुढचं चाक अडकलं की ते घसरतंच, मग सायकल कितीही महाग असो.

आणि लांब उतारावर ब्रेक सतत चोळत राहायचा नाही. दाबा, सोडा, दाबा, सोडा. या खेळाचा जन्मच या गरम ब्रेकच्या गोष्टीत आहे. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन काउंटीत, काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यानं खाली सुटायची. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, ब्रेक असायचा, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं, आणि घरी जाऊन हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक, म्हणून त्या रस्त्याचं नाव रिपॅक पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं पहिली शर्यत झाली. पुढच्या वर्षी जो ब्रीझ यानं खास या कामासाठी सायकलीची फ्रेम स्वतः बनवली, आणि १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. वीस वर्षांत एवढा पल्ला! मी दिवसभर बेअरिंगं आणि ग्रीस हाताळतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. ज्या पोरांना रोज हब उघडायचा कंटाळा आला नाही त्यांच्यामुळे आज काकूंच्या सायकलीला डिस्क ब्रेक आहे.

ग्रीसवरून आठवलं: राइडहून आल्यावर सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपानं सायकल धुऊन घेऊ नका. पाण्याची धार सीलमधून हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पॅडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) घुसते, ग्रीस धुऊन निघतं. बादली, मग, जुना ब्रश आणि फडकं पुरे. चेन कोरडी करून तेलाचा एकेक थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाकायचं, नाहीतर त्यावर धूळ बसते.

पावसाळ्यात वाट निवडणं हे निम्मं कौशल्य. नाशिक शहरात पाऊस बेताचा असतो, पण त्र्यंबककडं सरकाल तसा तो वाढत जातो, आणि त्याबरोबर वाटेचा स्वभाव बदलतो. मुरमाच्या वाटेवर पाणी मुरतं, तासाभरात चाक चालतं. काळ्या मातीत मात्र पाऊस पडून गेल्यावर जायचंच नाही. ती माती टायरला थर थर बसते, फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत, कोंबली जाते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सतरा किलोची सायकल खांद्यावर. दमदार माणूस ती उचलतो, पण काकूंनी काय करायचं? म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही मखमलाबाद, मातोरी, दुगाव अशी डांबराला धरून राहणारी फेरी घेतो आणि मुरमाच्या टप्प्यांपुरतंच आत शिरतो. गिरणाऱ्याच्या पुढं काश्यपी धरणाच्या बाजूच्या चढउताराच्या वाटा पाऊस थांबल्यानंतरच्या. तिथं एकदा आत शिरलं की परतीचा फाटा लवकर येत नाही, तेव्हा नव्या माणसाची पहिली राइड तिकडं कधीच नाही.

सध्याचे दिवस सगळ्यात चांगले. दिवाळी झाली, वाटा वाळल्या आहेत, गवत अजून पूर्ण पिवळं पडलेलं नाही. फक्त द्राक्षबागांकडं लक्ष ठेवायचं. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालेली आहे, डावणी आणि भुरी या वेलीवरच्या रोगांसाठी फवारण्या चालू आहेत, आणि सकाळी ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू असला की त्या बाजूनं जायचं नाही. थांबायचं, नाहीतर वळसा घ्यायचा. आपल्याकडच्या सगळ्याच वाटा काही सरकारी नाहीत. बऱ्याच कुणाच्या तरी बांधावरून जातात, आणि सायकलच्या चाकानं पावसाळी बांध कापला तर तो त्या माणसाचा तोटा असतो. एका ठिकाणी आम्ही नेहमी विचारून जातो.

"दादा, पलीकडच्या वस्तीकडं जायचंय. बांधावरून सायकली हातात धरून नेल्या तर चालतील का?"

"न्या ना. फाटक लावून घ्या फक्त, गाई आत येत्यात. आणि ताई, पाणी भरून घ्या हवं तर, मोटर चालू आहे."

काकूंना ताई म्हणणारे हे शेतकरी आता आम्ही आलो नाही तर विचारतात. फाटक लावायचं काम टेलचं. ते तो कधी चुकवत नाही.

काही ठिकाणी आम्ही सायकल नेतच नाही. अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत जातो, पठारावर चाक नाही. तिथं जगात फार थोडी उरलेली कंदीलपुष्पाची एक जात आहे, अंजनेरीचंच नाव मिळालेली, आणि गिधाडांची घरटी कड्यात आहेत. पठारावरच्या पातळ मातीत चाकाची एक चाकोरी पडली की पावसाचं पाणी तिच्यातूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. बोरगडच्या राखीव जंगलातही तेच. उत्साही पोरांना हे पटवायला वेळ लागतो, पण एकदा पावसाळ्यात फुलं दाखवायला पायी नेलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

अंधारात निघायचं नाही, हाही नियमच. आपल्या भागात उसात आणि मळ्यांत बिबट्या आहे. उजेड फुटल्यावर, गावं जागी झाल्यावर आत शिरायचं. पुढच्या माणसात आणि मागच्या माणसात अंतर पडणार हे धरून चाललेल्या ग्रुपनं तर हे पाळलंच पाहिजे.

बायका ग्रुपमध्ये का टिकत नाहीत यावर पुरुष खूप बोलतात, फिटनेस वगैरे. आमच्याकडं काकूंनी सरळ सांगितलं, "अरे, चार तास बाथरूम नाही, म्हणून पाणी पीत नाही, म्हणून दमते." त्यानंतर वाट ठरवताना निघायच्या जागी, मध्ये आणि शेवटी स्वच्छतागृह कुठं आहे हे मी आधी जाऊन बघतो. पेट्रोल पंप, मंदिराचं आवार, ओळखीच्या घरची वस्ती. आणि ते आदल्या रात्री मेसेजमध्ये लिहितो, कुणाला विचारावं लागू नये म्हणून. बायकांची संख्या त्यानंतर वाढली, आणि मधुमेहवाल्यांनीही माझे आभार मानले.

मिसळ शेवटी. आधी खाल्ली तर चढावर तर्री घशाशी येते. मधल्या थांब्याला केळं, गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मधुमेहवाले आपलं खाणं स्वतः आणतात आणि टेलला ते कुठल्या कप्प्यात आहे हे माहीत असतं.

येत्या रविवारी आशेवाडी. मखमलाबाद नाक्यावर साडेसहाला जमू, पावणेसातला निघू, साडेअकराच्या आत सगळे परत. हेल्मेटशिवाय कुणालाही घेत नाही. दीड लिटर पाणी, स्वतःच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब, पूर्ण बोटांचे हातमोजे असले तर उत्तम. गिअर नसलेली साधी सायकल असली तरी या. दोन ठिकाणी उतरून ढकलावी लागेल, आणि ढकलणाऱ्यांचा वेग आणि काकूंचा चढावरचा वेग यात फारसा फरक नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांनी पंधरा मिनिटं आधी पोचावं, सीट आणि हवा बघून घेऊ. टेलला मी आहे.